कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

कोल्हापुरात खरी कॉर्नर परिसरात एक आगळावेगळा स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर ना कुणा राजाचा पुतळा आहे, ना कुणा पुढाऱ्याचा. तेथे आहे तो कॅमेरा. दरवर्षी १ डिसेंबरला चित्रपट व्यवसायातील मंडळी येथे जमतात, कॅमेऱ्याला वंदन करतात. १ डिसेंबर १९१७ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापनादिन मानला जातो, म्हणून हा सोहळा. गंमत अशी, की ही एका प्रतिकृतीचीच आठवण आहे. ज्या कॅमेऱ्यावर कोल्हापूरची चित्रपटसृष्टी उभी राहिली, तो स्वतःच विलायती यंत्र समजून घेऊन, त्याच्या धर्तीवर हाताने घडवलेला होता. तो घडवणारे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी कोणत्याही तंत्रशाळेचे तोंड पाहिलेले नव्हते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. मेस्त्री हे आडनावच कारागिरीची ओळख सांगणारे. घरात हत्यारे होती, लाकूड होते, रंग होते. त्यामुळे चित्र काढणे आणि वस्तू घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या मुलाला कधी शिकावेच लागले नाही. चित्रकला आणि शिल्पकला तो स्वतःच्या निरीक्षणाने शिकला. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्याचे सोबती आणि काही अंशी गुरूही. पुढे दोघांच्याही नावापुढील मेस्त्री गळून पडले आणि लोकांनी दिलेले पेंटर हेच आडनाव कायम झाले.

तो काळ संगीत रंगभूमीच्या वैभवाचा होता. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मल्ल, गवई, चित्रकार आणि नट यांना सारखाच मान होता. नाटक मंडळ्यांची प्रतिष्ठा त्यांच्या पडद्यांवरही मोजली जाई. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, तुरुंग असे एकेक दृश्य प्रचंड कापडावर रंगवलेले असे आणि पडदा उघडताच त्याला टाळी मिळे. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव ही जोडी पश्चिम भारतातील आघाडीचे पडदे रंगवणारे म्हणून गाजली. मराठी संगीत मंडळ्यांबरोबरच गुजराती आणि पारशी नाटक कंपन्यांचीही कामे त्यांच्याकडे येत. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करणे, दूरच्या प्रेक्षकाला खांब गोल वाटेल अशी सावली टाकणे, हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पुढे जे घडले त्याची तालीम येथेच झाली.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र आला आणि या दोघा भावांची झोप उडाली. पडद्यावरचे चित्र हलू शकते, हे त्यांना आता कळले होते. ते कसे हलते, हे कळून घ्यायचे होते. फाळके यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत आणला होता. कोल्हापूरच्या चित्रकारांच्या खिशात विलायतेचे भाडे नव्हते. त्यांनी प्रथम चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय धरला आणि तो करता करताच स्वतःचा कॅमेरा जुळवण्याचा घाट घातला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी यंत्रांची आयात दुरापास्त झाली. हौस म्हणून सुरू झालेल्या खटपटीला आता दुसरा मार्गच उरला नाही.

या खटपटीतील अवघड भाग कोणता होता, हे समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. बाहेरून पाहिले तर मूकपटाच्या काळातील कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी, पुढे भिंग आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. अशी पेटी कुणीही सुतार आठवड्यात करून देईल. खरा प्रश्न पेटीच्या आत होता. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या रांगा असतात. एका चौकटीमागे प्रत्येक कडेला चार छिद्रे. यंत्रातील नखी या छिद्रांत शिरून फिल्म नेमकी एक चौकट खाली ओढते, मग बाहेर पडून वर जाते. त्या क्षणभरात फिल्म भिंगामागे अगदी निश्चल थांबली पाहिजे. ती सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडवते आणि थांबताच उघडते. हे सारे सेकंदाला सुमारे सोळा वेळा, तेही मनुष्याच्या हाताने दांडा फिरवून. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी असा साधारण हिशेब. फुटाला सोळा चौकटी बसत असल्याने दर सेकंदाला एक फूट फिल्म खर्ची पडे.

येथे चूक चालत नाही. मूकपटाची चौकट जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. ती बारा फुटी पडद्यावर दाखवली की चित्र सुमारे दीडशे पट मोठे होते. नखीच्या हालचालीत एक दशांश मिलिमीटरचा फरक राहिला, तर पडद्यावर सगळा राजवाडा दीड सेंटिमीटर थरथरणार. झडप क्षणभर उशिरा मिटली तर चेहऱ्याखाली धुरकट रेघा ओढल्या जाणार. पेटीच्या सांध्यातून प्रकाशाचा किरण आत गेला तर दिवसभराची मेहनत काळी पडणार. आणि यातील कोणताही दोष फिल्म धुऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. कच्ची फिल्म तर परदेशातूनच येई. भारतात तिचे उत्पादन सुरू व्हायला स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला पदरचे पैसे मोजावे लागत.

या दोघांना एक गुरुकिल्ली मात्र हाताशी होती. चित्रपट दाखवण्याच्या धंद्यामुळे प्रोजेक्टर त्यांच्या रोजच्या हाताळणीतला होता. प्रोजेक्टर हा एका अर्थी उलटा कॅमेराच. फिल्म तशीच थांबत थांबत सरकते, झडप तशीच फिरते. फरक इतकाच, की एकात प्रकाश बाहेरून आत येतो, दुसऱ्यात आतून बाहेर जातो. एक यंत्र नीट उमगले की दुसऱ्याची कल्पना करता येते. नक्कल हा शब्द मराठीत काहीसा हिणकस अर्थाने वापरला जातो. परंतु कारागिराच्या घरात नक्कल ही विद्येची पहिली पायरी असते. जी वस्तू पुन्हा घडवता येते, तीच खऱ्या अर्थाने समजलेली असते.

यंत्र पुरे होण्यापूर्वीच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. ज्या माणसाबरोबर रंग कालवले, पडदे ताणले, ज्याच्या साथीने हे स्वप्न पाहिले, तोच निघून गेला. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पडद्यांचा व्यवसाय हातात होता, नाव होते, पोटाची ददात नव्हती. अर्धवट यंत्र गुंडाळून ठेवले असते तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. या वेळी मदतीला विष्णुपंत दामले हा शिष्य होता. पडदे रंगवण्याच्या कामात तयार झालेल्या या तरुणाला यंत्रांची उपजत जाण होती. गुरुशिष्यांनी मिळून १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला. आनंदरावांच्या वाट्याला त्यातून उमटलेले एकही चित्र आले नाही.

कॅमेरा झाला तरी चित्रपट होत नाही. त्याला भांडवल लागते. ते उभे राहिले गायिका तानीबाई कागलकर यांच्या कर्जाऊ पैशातून. महाराष्ट्रातील एका अग्रगण्य चित्रसंस्थेच्या पायाभरणीत एका गाणाऱ्या स्त्रीचा पैसा आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली जायला हवी. महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामाला आलेली माणसेही अशीच, पदव्यांशिवायची. दामले होते, चित्रकार शेख फत्तेलाल होते, व्यवस्थापनाला बाबूराव पेंढारकर आले आणि १९२० च्या सुमारास मिळेल ते काम करायला शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा दाखल झाला. कंपनीचा स्टुडिओ म्हणजे कारखाना, शाळा आणि एकत्र कुटुंब यांचे मिश्रण होते. नटाने रंग घोटायचा, चित्रकाराने फिल्म धुवायची, यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये सैरंध्री प्रकाशित झाला. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम, ही कथा मराठी प्रेक्षकाला परकी नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या कीचकवध नाटकात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले होते आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. त्याच कथेला आता मूक चित्रांचे रूप मिळाले. कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता, की त्याच्या भीषणतेमुळे सरकारी कात्री चालली. आपल्या कारागिरीला याहून मोठी पावती कोणती मिळणार होती! लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांनी लोकमान्यांचे निधन झाले.

या यशाची किंमत दोन स्त्रियांनी मोजली. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती पुरुषानेच साकारली होती. बाबूरावांनी सैरंध्रीत स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. चित्रपटात काम केले म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांना स्टुडिओतच आसरा घ्यावा लागला. कॅमेऱ्याच्या कौतुकात त्यांची नावे सहसा राहून जातात.

बाबूरावांची खरी क्रांती कॅमेऱ्याइतकीच कॅमेऱ्यापुढे होती. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने पडदे रंगवण्यात घालवली, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. कॅमेऱ्याला कापडावरची खोटी खोली उमगते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी त्रिमिती नेपथ्य उभे केले. दरवाजा उघडणारा हवा, जिना चढता येणारा हवा, खांबाची सावली खऱ्या प्रकाशात पडणारी हवी. शस्त्रे, अलंकार, वस्त्रे, आसने यांची रेखाटने ते स्वतः करत. पात्रे कोठून येतील, कोठे थांबतील, हेही आधी कागदावर उतरे. चित्रपटाच्या जगात आज असा चित्रमय आराखडा ही नित्याची गोष्ट आहे. बाबूरावांना ती कुणी शिकवली नव्हती. पडद्याचा कच्चा आराखडा काढण्याची जुनी सवय त्यांनी नव्या कामाला लावली, इतकेच.

१९२१ मध्ये सुरेखाहरण आला आणि त्यात श्रीकृष्णाच्या भूमिकेत शांताराम प्रथमच पडद्यावर दिसला. १९२३ चा सिंहगड हा मोठा टप्पा. हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर तो बेतलेला होता आणि शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली. तोवर बहुतेक चित्रण सूर्याच्या मर्जीवर चाले. तानाजीचा पराक्रम मात्र रात्रीचा. भर उन्हात काढलेली रात्र बाबूरावांना पटणारी नव्हती; त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रपट पाहायला इतकी झुंबड उडाली, की महसूल खात्याचे लक्ष तिकडे वळले आणि करमणूक कराच्या जन्मकथेत सिंहगडचे नाव कायमचे गोवले गेले. १९२४ च्या कल्याण खजिनाला लंडनजवळच्या वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले. त्याच चित्रपटाचे बाबूरावांनी केलेले भित्तिचित्र भारतात शिल्लक असलेल्या जुन्यात जुन्या चित्रपट जाहिरातींपैकी एक गणले जाते. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे देणाऱ्या पुस्तिका छापण्याची प्रथाही त्यांनी पाडली. पडदे रंगवणारा माणूस जाहिरात दुसऱ्याकडून रंगवून घेईल, हे शक्यच नव्हते.

मग १९२५ मध्ये सावकारी पाश आला. नारायण हरी आपटे यांची कथा, शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला कुणबी शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो, इतकीच गोष्ट. ना देव, ना राजा, ना चमत्कार. पौराणिक वैभव उभे करण्यात ज्याचा हातखंडा, त्याने तीच कारागिरी एका कळकट झोपडीसाठी वापरली. झोपडी खरी वाटावी यासाठीही राजवाड्याइतकेच श्रम पडतात, हे जाणकारांना कळले. सामान्य प्रेक्षकाला मात्र आपल्याच दारातले दारिद्र्य पैसे देऊन पाहायची इच्छा नव्हती. चित्रपट चालला नाही. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा इतिहास लिहिताना आज या चित्रपटापासून सुरुवात करावी लागते. तो बाबूरावांना तोट्यात घालून गेला. कंपनी पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळली.

बाबूरावांचा स्वभाव हा त्यांच्या कामाचा गुण आणि संस्थेचे दुखणे होता. मनासारखी वस्तू होईपर्यंत ती पुन्हा घडवायची, ही सवय कॅमेरा करताना वरदान ठरली. परंतु वेतनावर माणसे ठेवणाऱ्या आणि ठरल्या वेळी चित्रपट देणाऱ्या कंपनीला ती परवडत नाही. शिष्य आता स्वतः जाणते झाले होते. शांताराम १९२७ च्या नेताजी पालकर या चित्रपटापासून दिग्दर्शनही करू लागला होता. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांनी कॅमेरा पुरा करण्यात हात दिला होता, तेही गेले. लवकरच बाबूरावांनाही आपली संस्था सोडावी लागली आणि बोलपटाच्या आगमनाबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे पर्व संपले.

शिष्यांनी गुरूला सोडले, असे म्हणून या प्रकरणावर पडदा टाकणे सोपे आहे. तसे ते नव्हते. प्रभातचा नेपथ्य विभाग, तिथली रेखाटने, प्रत्येक वस्तू आपल्याच आवारात घडवण्याचा हट्ट, हे सारे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून गेलेले होते. १९३६ च्या संत तुकाराममध्ये दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांना वैकुंठाला नेणारे पक्ष्याच्या आकाराचे विमान आकाशात उडवले. असे यान कुणी कधी पाहिलेले नव्हते, तरी प्रेक्षकांनी हात जोडले. न पाहिलेली वस्तू पाहिल्यासारखी घडवायची, ही विद्या कोल्हापूरच्या जुन्या कारखान्यातली होती.

बाबूरावांनी पुढे शालिनी सिनेटोनसाठी काही बोलपट केले. १९३५ मध्ये उषा, १९३६ मध्ये सावकारी पाशची बोलकी आवृत्ती, १९३७ मध्ये प्रतिभा. न चाललेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणे, यात त्यांचा स्वभाव दिसतो. बोलपटाच्या दुनियेत मात्र ते फारसे रमले नाहीत. ज्याने मौनातून बोलण्याचे तंत्र घडवले, त्याला संवादांचा गोंगाट मानवला नसावा. ते पुन्हा चित्रे आणि पुतळे यांच्याकडे वळले. मातीत, रंगात त्यांच्यावर कुणाची घाई नव्हती.

१९४७ मध्ये लोकशाहीर रामजोशी आला. निर्मिती शांतारामबापूंच्या राजकमल कलामंदिरची, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, भूमिका जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या. दिग्दर्शक म्हणून नाव होते बाबूराव पेंटर यांचे. चित्रणाचे बरेचसे काम शांतारामबापूंनी हाती घेऊन पुरे केले, असे सांगितले जाते. सत्तावीस वर्षांपूर्वी मिळेल ते काम करायला आलेला पोरगा आता देशातील मोठा निर्माता झाला होता आणि गुरूला त्याने आपल्या संस्थेत सन्मानाने बोलावले होते. चित्रपट कमालीचा गाजला. १९५२ चा विश्वामित्र हा बाबूरावांचा अखेरचा चित्रपट. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्या हातघडणीच्या कॅमेऱ्याने टिपलेले फार थोडे आज पाहायला मिळते. मूकपटांची फिल्म नायट्रेटची. ती ज्वालाग्राही असते आणि जतन केली नाही तर सडून तिची भुकटी होते. सैरंध्री नाही, सिंहगड नाही, १९२५ चा सावकारी पाशही नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांपैकी १९२७ च्या मुरलीवाला आणि सती सावित्री यांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. खरी कॉर्नरच्या स्तंभावरचा कॅमेरा मात्र ऊनपावसात उभा आहे आणि त्याच्या खालून कोल्हापूरची रहदारी दिवसभर वाहत असते.